शून्य टक्क्यांचं टेबल

किस्से कुणी जमवायला जात नाही. डबा खाताना टेबलाखाली चिवडा सांडतो, तसे ते साठतात. खाताना आपलं लक्ष नसतं, आणि उठताना बघावं तर पायाशी हा ढीग!

आमचं टेबल होतं अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या एका इन्शुरन्स कंपनीच्या कॅफेटेरियात, मायक्रोवेव्हच्या अगदी शेजारी. ती जागा आम्हालाच मिळायची, कारण आमच्या डब्यांच्या वासाने तिथे दुसरं कुणी बसत नसे. आम्ही चौघं. मी मेधा, साताऱ्याची, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. मंदार, पुण्याचा, म्हणजे त्याला सगळं आधीपासून माहीत. सुधीर देशकर, नागपूरचा, कन्सल्टंट. आणि बर्वे काका, सत्तरच्या दशकात अमेरिकेत आलेले, रिटायरमेंटला टेकलेले, आणि आमचे डबे स्वतःच्या डब्याआधी उघडून बघणारे.

दोन हजार दोन ते चार या काळात त्या टेबलावर एकच विषय चालायचा. क्रिकेट नाही, ग्रीन कार्ड नाही. सुधीरचं क्रेडिट कार्ड!

आज आम्ही हसतो. तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नसे, हे आधीच सांगते.

*

मूळ गोष्ट अशी. सुधीरच्या बाबांची नागपुरात बायपास ठरली, आणि नेमका त्याच महिन्यात त्याचा प्रोजेक्ट गेला. त्याच्या कन्सल्टिंग कंपनीने त्याला घरी बसवलं आणि पगार बंद केला. हॉस्पिटलला पैसे आधी हवे होते. सुधीरने कार्डावरून रोख उचलली, आठ हजार डॉलर, आणि पाठवून दिली.

बाबांना काय सांगितलं? "आमची कंपनी आईवडिलांचा खर्च देते."

बाबा रिटायर्ड हेडमास्तर. आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही त्यांनी फोनवर विचारलं होतं, "सुधीर, कर्ज तर नाही ना काढलंस? तसं असेल तर मी वर्धा रोडचा प्लॉट विकतो." तो प्लॉट धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेला. म्हणून बाबांना कळता कामा नये, हे एवढंच सुधीरचं म्हणणं होतं. बाकी सगळं तो सोसायला तयार होता.

दोन महिन्यांत त्याला आमच्या ऑफिसात प्रोजेक्ट मिळाला, आणि कुणाच्या तरी बॅगेतून नागपूरहून संत्रा बर्फीचा दोन किलोचा डबा आला. सोबत निरोप: "कंपनीच्या मोठ्या साहेबांना द्यावा."

मंदार म्हणाला, "आपण खाऊन टाकू यार. साहेबांना काय कळतंय!"

"नाही बे," सुधीर म्हणाला. "बाबा विचारतील, साहेबांना आवडली का म्हणून. एकदा खोटं बोललो. आता पुन्हा नाही बोलत."

आणि हा सरळमार्गी माणूस डबा घेऊन आमच्या मॅनेजरच्या, ग्रेगच्या, केबिनमध्ये शिरला! ग्रेगने विचारलं, "पण मी केलं काय?" सुधीर म्हणाला, "सर, यू आर व्हेरी काइंड." ग्रेगने एक वडी तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि फोनकडे हात नेला. "तुझ्या वडिलांना आत्ताच थँक्स म्हणतो!"

काचेतून मी बघत होते. सुधीरचा चेहरा पांढरा पडला होता. तिकडे रात्र आहे, ते झोपले असतील, डॉक्टरांनी झोपमोड करू नका म्हटलंय, असं काय काय बोलून त्याने तो हात थांबवला.

ग्रेग मात्र रीतीचा पक्का. त्याने पोस्टाने थँक-यू कार्ड पाठवलं. आत लिहिलं होतं, "इट वॉज माय प्लेझर. एनीटाइम!"

बाबांनी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं!

*

आठ हजारांवर व्याज चालू होतं, आणि तिकडे बाबांच्या औषधांना महिन्याला सव्वाशे डॉलर लागत होते. नव्या पगारातून व्याज भरावं तर औषधं राहतात, औषधं पाठवावीत तर व्याज चढतं. मंदार म्हणाला, "हात्तिच्या! बॅलन्स ट्रान्सफर कर ना!"

म्हणजे एका कार्डावरचं कर्ज उचलून दुसऱ्या कार्डावर न्यायचं. नव्या कार्डाला वर्षभर शून्य टक्के व्याज. वर्ष संपायच्या आत तिसरं कार्ड शोधायचं. त्या काळात अशी आमंत्रणं रोज पोस्टाच्या पेटीतून ओसंडायची. आम्ही ती सरळ कचऱ्यात टाकायचो, मंदार मात्र घरी नेऊन वाचायचा, खालच्या बारीक अक्षरांसकट!

त्याने सुधीरला तासभर लेक्चर दिलं. शून्य किती महिने? फी किती, आणि फीला कमाल मर्यादा आहे का? एक दिवस उशीर झाला तर शून्य राहतं का? लेक्चर खरंच चांगलं होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

शेवटी सुधीरने विचारलं, "मग यातलं कोणतं करू?"

मंदारने उदार मनाने सांगितलं, "सगळीकडे टाक! कुठेतरी लागेल."

सुधीरने एका वीकेंडला सगळीकडे अर्ज टाकले. सगळीकडून नकार आला! कारण इथे प्रत्येक अर्जाची नोंद होते, आणि एका आठवड्यात इतके अर्ज दिसले की बँका बिचकतात.

काका वरण ओरपता ओरपता म्हणाले, "मंदार, एकाच आठवड्यात गावभर पत्रिका वाटली, तर लोक म्हणणारच ना, मुलात काहीतरी खोट आहे!"

सुधीर हसला नाही. त्या महिन्यात त्याने डबा आणणं बंद केलं. म्हणायचा, "भूक नाही." मग मी दोन पोळ्या जास्त आणायला लागले आणि काका त्या "मेधा, तुझ्या पोळ्या फार होतात" असं म्हणत त्याच्यापुढे सरकवायला लागले.

*

तीन महिने थांबून त्याने एकच अर्ज केला, आणि ते कार्ड मिळालं. वर्षभर शून्य! मंदारने जुनी कार्डं टेबलावरच कात्रीने कापली आणि सुधीरच्या बायकोला, रेवतीला, फोनवर बजावलं, "वहिनी, या नव्या कार्डावर काहीही विकत घ्यायचं नाही. काहीही म्हणजे काहीही!"

रेवती डिपेंडंट व्हिसावर. नोकरी करायची परवानगी नाही, पर्समध्ये मोजके पैसे. एकदा इंडियन ग्रोसरीत गेली, बिल झालं, आणि दीड डॉलर कमी पडला. मागे रांग. पुढे मालक बोटं वाजवतोय. तिने कोथिंबीर आणि मिरच्या वेगळ्या काढल्या आणि तेवढ्यापुरतं कार्ड दिलं.

संपलं! खरेदीला शून्य लागू नव्हतं. आणि बँकेची तऱ्हा अशी की आपण जे पैसे भरू ते आधी शून्य टक्क्यांच्या कर्जात जाणार. ते सगळं फिटेपर्यंत कोथिंबिरीला कुणी हात लावायचा नाही. ती तिथेच बसून व्याज खाणार! व्याज होत होतं दोन-तीन सेंट, पण बँकेचा नियम होता की व्याज लावलं तर निदान पन्नास सेंट लावायचं. दर महिन्याला पन्नास सेंट!

मंदार दर स्टेटमेंटला ओरडायचा. सुधीर रेवतीला एका शब्दाने बोलला नाही. ती स्वतःच मनात कुढत राहिली. पैसे पन्नास सेंटच, पण तिच्या हातून झालं ना!

उन्हाळ्यात एक दिवस ती कॅफेटेरियात आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली हिरवीगार जुडी. अपार्टमेंटच्या बाल्कनीत धणे पेरले होते तिने. काकांच्या भातावर स्वतःच्या हाताने कोथिंबीर भुरभुरली आणि म्हणाली,

"खा काका. ही बिनव्याजी आहे!"

*

वर्षभर पोटाला चिमटा काढून सुधीरने दोन हजार फेडले. राहिले सहा हजार आणि थोडे वर. शून्याची मुदत संपत आली आणि दुसरं कार्ड मिळालं, लिमिट बरोबर सहा हजार. बँकेने सोबत कोरा चेक पाठवला होता. त्यावर रक्कम लिहून जुन्या बँकेला धाडायचा, की कर्ज इकडे आलं.

मंदारने हिशोब केला. फी पन्नास डॉलर. म्हणजे चेक लिहायचा पाच हजार नऊशे पन्नासचा. दोन्ही मिळून सहा हजार, लिमिटला टेकून. उरलेले किरकोळ सुधीर खिशातून भरेल.

"काठावर नको रे," मी म्हणाले.

"मेधा, गणित आहे हे. गणिताला काठ नसतो," इति मंदार!

सुधीरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून चेक लिहायला घेतला काकांनी. काकांचं अक्षर मोत्यांचं. मंडळाची पावती असो, कुणाच्या लग्नाचं पाकीट असो, शॉमबर्गमधली मराठी माणसं काकांकडून लिहून घेत. त्यांनी चेक लिहिला, सुधीरने सही केली, मंदारने पाकीट चिकटवलं. कुणीही चेककडे नीट बघितलं नाही. अक्षर इतकं सुंदर होतं की बघावंसंच वाटलं नाही.

महिन्याने स्टेटमेंट आलं. लिमिट ओलांडल्याबद्दल दंड! शून्य टक्के रद्द! व्याज चोवीस टक्के!

सुधीर कागद धरून उभा होता. मंदारने तो ओढून घेतला, वाचला, पुन्हा वाचला. आणि मग तिघांनी एकदम काकांकडे बघितलं.

चेक गेला होता पाच हजार नऊशे एक्कावन्नचा.

"अरे," काका म्हणाले, "शून्यावर संपणारी रक्कम लिहायची नसते! अकरा, एकवीस, एक्कावन्न, एकशे एक. शुभकार्य होतं ना रे? मी वरचा एक घातला."

शेजारी मायक्रोवेव्ह वाजत राहिला.

चोवीस टक्के म्हणजे महिन्याला एकशेवीस डॉलर व्याज. बाबांच्या औषधांचे पैसे! त्या एका डॉलरमुळे!

काकांनी चेकबुक काढलं. "सुधीर, सगळे मी भरतो. आत्ता."

"नको काका."

"अरे, माझी चूक आहे!"

"काका, बँकेले मले रोज तोंड दाखवा लागत नाही," सुधीर म्हणाला. रागात किंवा दुःखात तो शुद्ध बोलणं विसरायचा. "तुम्हाले दाखवा लागते. तुमच्यासमोर मग मी डबा कसा उघडू?"

काकांनी चेकबुक खिशात ठेवलं. त्या दिवशी त्यांनी कुणाचाच डबा उघडला नाही.

*

मंदार म्हणाला, "एका डॉलरसाठी कुणी फाशी देत नाही. बँकेला फोन लावू, विनंती करू."

कॅफेटेरियाशेजारी एक छोटी मीटिंग रूम होती. लंचमध्ये तिथला स्पीकरफोन लावला. सुधीरने ओळख पटवली आणि मंदारला बोलायची परवानगी दिली. समोर होता केविन. छान, मऊ आवाजाचा केविन. त्याने सगळं ऐकून घेतलं. एक डॉलर? फक्त एक? पहिल्यांदाच? "सर, एक मिनिट थांबा, मी बघतो शून्य टक्के परत लावता येतात का. मला वाटतं जमेल."

सुधीरने डोळे मिटले. काकांनी हात जोडले.

आणि मंदारला त्या मऊ इंग्रजीत मराठी वळणाच्या एका अक्षराचा वास आला! ते दिवसच तसे होते. रोज ऐकू यायचं, अमुक डिपार्टमेंट पुण्याला गेलं, तमुक टीम बंगलोरला गेली. आमच्याच नोकऱ्या आमच्याच गावी निघाल्या होत्या, त्यामुळे फोनवर आपला आवाज आला की मंदारच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"केविन कसला रे!" तो मराठीत गरजला. "पुण्याचा आहेस ना तू? सांग ना, खरं नाव काय तुझं?"



"सर, आय डोन्ट अंडरस्टँड," केविन म्हणाला. आवाज आता मऊ नव्हता, घाबरलेला होता. "सर, धिस कॉल इज रेकॉर्डेड."

"अरे, बोल की मराठीत! लाजतोस कशाला?"

फोन कट झाला.

पुन्हा लावला तेव्हा दुसरीच बाई आली. अस्सल अमेरिकन. तिने नियम वाचून दाखवला आणि गुड डे म्हणाली.

मी आयुष्यात ऑफिसमध्ये एवढ्या मोठ्याने कुणावर ओरडले नव्हते. "मंदार, त्या पोराची नोकरी गेली असती! आणि सुधीरचं काम होत आलं होतं!" मंदार खाली मान घालून बसला होता. पुण्याचा माणूस खाली मान घालून बसलेला मी तेव्हा एकदाच पाहिला.

टेबलाचा नियम झाला: बँकेशी बोलताना मराठीचा शब्द काढायचा नाही. कुणीही नाही.

*

सुधीरने तीन महिने चोवीस टक्के भरले. औषधांचे पैसे पाठवले ते रेवतीच्या बांगड्या मोडून. हे आम्हाला फार उशिरा कळलं. मला तेव्हाच तिचे मोकळे हात दिसायला हवे होते.

तिकडे बाबा दर रविवारी फोनवर ग्रेगची खुशाली विचारायचे. एकदा म्हणाले, "तुझा आवाज खोल का येतो रे? काही अडचण असेल तर सांग. प्लॉटला गिऱ्हाईक आलंय." त्या रविवारनंतर सुधीर सोमवारी ऑफिसला आला तो थेट काकांपाशी. "काका, फॉर्म भरायचाय. नवीन कार्डाचा. माझं अक्षर बँकेले लागत नाही."

काका दचकले. "मी? अरे, माझ्या हाताला यश नाही."

"रकमेचा रकानाच नाही यात," सुधीर म्हणाला.

मंदार त्या दिवशी सुट्टीवर होता. काका विचारत गेले, सुधीर एकीकडे ऑफिसच्या तातडीच्या कॉलवर बोलत बोलत सांगत गेला, आणि फॉर्म भरला गेला. नाव, पत्ता, पगार, आईचं लग्नाआधीचं नाव, सही. मी दोनदा तपासला. सगळं मोत्यासारखं.

कार्ड मंजूर झालं! लिमिट साडेसहा हजार, पंधरा महिने शून्य. अट एकच. अमुक तारखेच्या आत फोन करून कर्ज कुठून आणायचं ते सांगायचं. कार्ड पोस्टात रेंगाळलं आणि सुधीरच्या हातात पडलं त्याच तारखेच्या आदल्या संध्याकाळी.

*

आणि आता तो शेवटच्या दिवसाचा किस्सा. जानेवारी. बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाड्या बर्फाखाली दिसेनाशा झालेल्या.

सकाळी सुधीरने आपल्या डेस्कवरून फोन केला. एका अमेरिकन बाईने ओळख पटवायला प्रश्न विचारला, मदर्स मेडन नेम? आईचं माहेरचं आडनाव. सुधीरचे मामा बोंडे. तो म्हणाला, "बोंडे."

"सॉरी, जुळत नाही."

तो गडबडला. म्हणाला, "देशकर?"

"सॉरी सर. आता एकच संधी राहिली. तेही चुकलं तर अकाउंट लॉक होईल, मग कागदपत्रं पोस्टाने पाठवावी लागतील."

पोस्टाने म्हणजे आठवडा. आणि मुदत तर आज संपणार! सुधीरने फोन ठेवला आणि घाम पुसत आमच्याकडे आला.

लंचला आम्ही चौघं त्या छोट्या मीटिंग रूममध्ये. मंदार म्हणाला, "स्पेलिंग चुकलं असेल, काका."

"मी बोंडे लिहिलंच नाही," काका म्हणाले. "म्हणजे मला आठवत नाही लिहिल्याचं. काय लिहिलं तेही आठवत नाही रे!" म्हाताऱ्या माणसाचे डोळे भरून आले. "सुधीर, तू मला काय सांगितलं होतंस?"

"मी कॉलवर होतो, काका. मले नाही आठवत."

मंदारने आता पटापट शक्यता मोजायला सुरुवात केली. मी त्याला गप्प केलं. उत्तर एकच देता येणार होतं. सुधीर म्हणाला, "नाही जमलं तर आज रात्री बाबांना खरं सांगून टाकतो. विकू दे प्लॉट." आणि त्याने फोन लावला.

वीस मिनिटं संगीत वाजलं. डबे कुणी उघडले नव्हते.

मग आवाज आला. "थँक यू फॉर होल्डिंग. माय नेम इज जेनी." चपळ, स्वच्छ इंग्रजी. शब्दांना अमेरिकन इस्त्री केलेली. मी मंदारकडे रोखून बघितलं. त्याने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मे आय हॅव युअर मदर्स मेडन नेम, सर?"

सुधीरने आमच्याकडे बघितलं. "मॅडम," तो इंग्रजीत म्हणाला, "मी सकाळी दोनदा चुकलो. बोंडे सांगितलं, देशकर सांगितलं. ही माझी शेवटची संधी आहे. मला विचार करायला थोडा वेळ द्याल का?"

"शुअर, सर."

पलीकडे कीबोर्ड वाजला. मग तोही थांबला. तिच्यासमोर स्क्रीनवर उत्तर होतं. आमच्या आणि त्या उत्तराच्या मध्ये ती एकटी, आणि तिचा प्रत्येक शब्द रेकॉर्ड होत होता.

सुधीरने तोंड उघडलं, मिटलं.

"सर," जेनी म्हणाली. त्याच इस्त्रीच्या इंग्रजीत, अगदी सावकाश. "व्हेन युअर मदर गॉट मॅरिड... डिड ओन्ली हर लास्ट नेम चेंज?"

मला आधी कळलंच नाही. मग लग्नात मुलीचं नावही बदलायची आपली रीत आठवली. असा प्रश्न शॉमबर्गमध्ये कुणाला सुचेल? बँकेच्या डेलावेअरमधल्या ऑफिसात कुणाला सुचेल?

मंदारने माझा हात घट्ट धरला होता. काकांचे ओठ हलत होते.

सुधीर खुर्चीतून उठून उभा राहिला. फोनसमोर, शाळेत उत्तर द्यायला उभं राहावं तसा.

"शकुंतला," तो म्हणाला. "मामा तिले अजून शकू म्हणते."

नियम त्यानेच मोडला होता!

"थँक यू, सर," जेनी म्हणाली. "यू आर व्हेरिफाइड. हाऊ मच वुड यू लाइक टू ट्रान्सफर टुडे?"

सुधीरने रक्कम सांगितली. सहा हजार दोनशे. आम्ही तिघांनी काकांकडे बघितलं. काका दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते.

कीबोर्ड वाजला. फी सांगितली, मुदत सांगितली, कन्फर्मेशन नंबर सांगितला. पंधरा महिने, शून्य टक्के. सुधीरने नंबर लिहून घेतला आणि टेबलावर डोकं टेकवलं. त्याचे खांदे हलत होते. मंदार त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता.

"इज देअर एनीथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ, सर?"

सुधीरचं डोकं अजून टेबलावरच होतं. मी नको नको म्हणून हात केला, तोवर काका फोनवर वाकले होते. घड्याळात इथे दुपारचे साडेबारा, म्हणजे तिकडे भारतात मध्यरात्र.

"जेवलीस का गं, पोरी?"

मंदारने डोळे मिटून घेतले. मी कट व्हायची वाट बघत होते.

"धिस कॉल मे बी रेकॉर्डेड फॉर क्वालिटी, सर," जेनी म्हणाली. "थँक यू फॉर कॉलिंग. हॅव अ वंडरफुल डे."

आणि मग, फोन ठेवता ठेवता, इतक्या हळू की आम्ही चौघंही पुढे वाकलो,

"आत्ता डबा उघडतच होते, काका."